औषधाची पार्शालिटी

चौगुले सरांना निम्म्या कोल्हापुरानं आंधळा म्हटलेलं आहे. मागून नव्हे, चांगलं तोंडावर, हजारो माणसांनी एका सुरात. आणि एवढं ऐकून हा गृहस्थ सोमवारी शाळेत यायचा तो असा खुशीत, की कुणाला वाटावं काल ह्यांचा सत्कार झाला. स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता मला सांगायचे, "काल लई ओरडली बाई पब्लिक. आंधळा, आंधळा म्हणून घसा बसला लोकांचा. बरं वाटलं."

"ह्यात बरं वाटण्यासारखं काय आहे हो?" मी एकदा न राहवून विचारलं.

"आता असं बगा," भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "रेफ्रीला आंधळा म्हणत्यात म्हंजे त्याला दिसतंय. खरंच दिसत न्हाई त्याच्यावर कोण कशाला ओरडंल? आंधळ्याला आंधळा म्हणायची आपल्याकडं पद्धत न्हाई."

मी मिरजेची. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि सरांच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी सर माझ्या अंगावर आले, आणि तेही पाठमोरे. मी व्हरांड्यातून पुस्तकं आणि खडूचं खोकं सांभाळत निघालेली, तर समोरून एक उंच, शिडशिडीत, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस उलट्या पावलांनी झपाझप माझ्याकडे येतोय. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत धडकलेच. खडूंचा चुरा झाला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, एकदा वाजवली आणि म्हणाले, "फाऊल माझा. फ्री किक तुमची." आणि मग खाली बसून खडूचा एकेक तुकडा वेचून दिला. मला राग यायचा होता तो आलाच नाही, हसूच आलं.

रेफ्रीनं खेळाकडे पाठ करायची नसते. म्हणून मैदानावर त्यांना उलटं पळायची सवय, आणि ती सवय शाळेतही आलेली. सर भूमिती शिकवायचे. फळ्यावर त्रिकोण काढायचा तोसुद्धा वर्गाकडे तोंड करून, हात मागे नेऊन. त्रिकोण मात्र पट्टीनं आखल्यासारखा सरळ यायचा. पोरं म्हणायची, सरांना पाठीला डोळे हायत. सर म्हणायचे, "पाठीला न्हाईत म्हणून तर पाठ दाखवत न्हाई."

गळ्यातली ती शिट्टी चांदीच्या साखळीत ओवलेली होती. त्यांच्या बायकोचं, शालनवहिनींचं माहेर चांदीकामाच्या हुपरीचं. सासऱ्यांनी हौसेनं जावयाला लग्नात साखळी घडवून दिली आणि जावयानं तिच्यात शिट्टी अडकवली. वहिनी कपाळावर हात मारून सांगायच्या, "सगळ्या गावाला हुपरीचं पैंजण ठाऊक. आमच्या घरात मात्र रुणझुण गड्याच्या गळ्यात." ही शिट्टी लग्नाकार्यातही गळ्यात असायची. आमच्या गणपा शिपायाच्या मुलीच्या लग्नात शेवटचं 'सावधान' व्हायच्या आधीच लोकांनी घाईघाईनं अक्षता टाकल्या, तर मांडवातून शिट्टी वाजली. "ऑफसाइड! भटजींचं व्हायच्या आदी टाकलासा. परत टाका." आणि लोकांनी टाकल्या की हो परत! नवरदेवसुद्धा मुंडावळ्या सावरत हसत होता.

त्यांचं एक पालुपद होतं. "दिसलं ते दिलं, न्हाई दिसलं ते न्हाई दिलं." पेपर तपासतानाही तेच. एकदा संस्थेचे एक बडे गृहस्थ आपल्या चिरंजीवांचे मार्क वाढवून मागायला आले. "सर, पोराला सगळं येतंय. डोक्यात आहे त्याच्या," असं ते काकुळतीनं सांगत होते. सर म्हणाले, "असंल की. पर डोक्यातलं मला दिसत न्हाई. वहीत दिसलं ते दिलं." गृहस्थ रागानं निघून गेले, आणि सरांनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं, उलट्या पावलांनी.

आता फुटबॉलचं थोडं सांगायला हवं. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला तालीम आणि कुस्ती आठवते. पण इथलं फुटबॉलचं वेड ज्यानं पाहिलं नाही, त्याला सांगून पटायचं नाही. पेठापेठांचे संघ, आणि एकेका संघामागं अख्खी पेठ, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. ज्या दोन पेठांची ही गोष्ट आहे त्यांची नावं मी घेणार नाही, मला अजून ह्याच गावात भाजी आणायची आहे. आपण एकीला वरची पेठ म्हणू आणि दुसरीला खालची. ह्या मंडळींच्या लेखी रेफ्री आंधळा चालतो, बहिरा चालतो, पण 'पार्शल' असलेला चालत नाही. पार्शालिटी हा शब्द उच्चारला की खुर्च्या उचलल्याच म्हणून समजा. सर राहायला उचगावात, तिथून सायकलनं शाळेत यायचे. दोन्ही पेठांत त्यांचा भाऊबंद नाही, सोयरा नाही. म्हणून मोठी मॅच म्हटली की दोन्ही पेठा एका तोंडानं म्हणायच्या, "रेफ्री चौगुले सर पायजेत." आणि मॅच सुरू झाली की दोन्ही पेठा एका तोंडानं म्हणायच्या, "आंधळा!"

ही गोष्ट सत्तर सालानंतरची. त्या वर्षी फायनल ह्याच दोन पेठांत ठरली होती. आणि नेमका त्याच सुमाराला सरांचा उजवा डोळा आला.

आधी नुसता ताप येऊन गेला होता. ओठावर तापाच्या पुळ्यांचा जर उठला होता, तो वाळला. मग डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं, उजेड सोसेना. सर म्हणाले, मैदानातली धूळ गेली असंल. मग सुरू झाले सल्ले. वहिनींनी गुलाबपाणी घातलं. शेजारणीनं बाळंतिणीचं दूध आणून दिलं. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी आपल्या घरातली कसल्याशा थेंबांची उरलेली बाटली दिली, "मला एका दिवसात गुण आला" म्हणून. डोळा आणखी बिघडला. शेवटी वहिनींनीच त्यांना सायकलवरून उतरवलं आणि रिक्षात घालून हेरवाडे डॉक्टरांकडे नेलं.

हेरवाडे डॉक्टर शिरोळकडचे. मोजकं बोलणारे, पण बोलले की बोललेच. त्यांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून तपासलं आणि आधी चित्रकलेच्या मास्तरांचा उद्धार केला. "दुसऱ्याच्या डोळ्याचं औषध आपल्या डोळ्यात? उद्या दुसऱ्याचा चष्माही लावाल." मग वहिनींना समजावून सांगितलं. बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम आहे. ती विषाणूंनी केलीय. साध्या औषधानं हे जात नाही. विषाणूवरचे थेंब अलीकडे निघालेत, ते पुण्याहून मागवू. दर तासाला एक थेंब घालायचा, अजिबात चुकवायचा नाही. फांदी सुकली तर डोळा वाचला. मधोमध फूल पडलं तर त्या डोळ्यानं सूर्य उगवला की मावळला तेवढंच कळेल.

"आणि मॅच?" सरांनी विचारलं.

"आधी डोळा," डॉक्टर म्हणाले.

पुण्याहून एसटीनं बाटली आली. ती थंड राहिली पाहिजे अशी अट. आता शाळेत फ्रीज नाही आणि उचगावातल्या घरी तर स्वप्नातही नाही. सरांनी सोडावॉटरवाल्याकडून बर्फ घेऊन एका थर्मासात भरला, त्यात बाटली ठेवली, आणि तो थर्मास सायकलच्या हँडलला लटकवून हिंडायला लागले. झालं! गावभर बोभाटा, चौगुले सर गरम च्या घेऊन फिरत्यात आणि कुणाला घोटभर देत न्हाईत. स्टाफरूममध्ये दोघातिघांनी टोमणे मारले. सर थर्मास उघडून बर्फ दाखवायचे. तर गणपा म्हणाला, "सर, सरबत असलं तरी चालंल की."

शाळेत थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. तासाची घंटा झाली की मी तिकडे जायची. सर खुर्चीत मान मागं टाकून तयार. "चला बाई, किक-ऑफ." थेंब पडला की निम्मं औषध गालावरून खाली ओघळायचं, पण सर ते पुसायचे नाहीत. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलेलं. "हात लावला की हँडबॉल," असं म्हणून दोन्ही हात मागे बांधून बसायचे. सगळा वर्ग श्वास धरून बघायचा. एकदा माझा हात हलला आणि थेंब नाकावर पडला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "आऊट!" मीच हसले, मग पोरांना काय रागावणार?

पहिला आठवडा छान गेला. टोचणी कमी झाली, उजेड सोसायला लागला. डॉक्टर म्हणाले, फांदी सुकतेय. वहिनींनी अंबाबाईची ओटी भरली. आणि मग एके दिवशी सर वर्गात आले ते उजवी पापणी सुजवून. दुसऱ्या दिवशी डोळ्याभोवती लालजांभळं कडं. तिसऱ्या दिवशी गालावर, बरोबर जिथून थेंब ओघळायचे तिथं, लाल पुरळाचा पट्टा उठला, त्याला खाज, त्यातून पाणी. काय सांगू, माणूस ओळखू येईना! एखाद्यानं चांगली मूठ वळून ठेवून दिली तर जसं थोबाड होईल, हुबेहूब तसं.

आणि आमच्या गणपाला तसंच वाटलं. गणपा खालच्या पेठेतला. फायनल तोंडावर, रेफ्रीचा डोळा सुजलेला. त्यानं दोन आणि दोन जोडले. संध्याकाळपर्यंत खालच्या पेठेत बातमी गेली की वरच्या पेठेच्या पोरांनी दमदाटी करायला सरांना मारलं. तासाभरात वरच्या पेठेत पोचलं, खालच्यांनी मारलं आणि आळ आपल्यावर घातला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाच्या एका बाजूला वरची पेठ, दुसऱ्या बाजूला खालची. वरच्यांचा कॅप्टन संभा, आडव्या अंगाचा, आवाज सनईचौघड्याला भारी. खालच्यांचा शिवाप्पा, घरचं भुसारीचं दुकान, घरात कानडी, दारात मराठी. दोघेही कधीकाळी सरांच्याच हाताखाली भूमितीत नापास झालेले. मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीला आतून कडी लावली. सर एकटे थर्मास घेऊन फाटकाशी गेले. मी मागोमाग गेले, थेंबांची वेळ झाली होती म्हणून.

"सर, नुसतं नाव सांगा," संभा म्हणाला. "कुणी हात टाकला?"

"कुणी न्हाई. औषधाचं पुरळ हाय हे."

"औषधानं?" शिवाप्पानं डोळे विस्फारले. "औषधानं माणूस बरं होतंय वो सर. औषधानं कुणाचं थोबाड सुजतंय काय?"

"सुजलंय की. हे काय समोर हाय."

"बगा, बगा," संभा आपल्या पोरांकडे वळून गहिवरला. "मार खाऊन बी माणूस नाव घेईना. ह्येला म्हणत्यात रेफ्री!"

जितकं सर नाही म्हणत होते तितका त्यांचा मोठेपणा वाढत होता, आणि तितक्या मागच्या पोरांच्या बाह्या वर सरकत होत्या. मी म्हटलं, अहो, मी स्वतः औषध घालते, मला विचारा! तर शिवाप्पा नम्रपणे म्हणाला, "अक्का, तुम्ही मिरजेच्या. तुम्हाला हितलं कळायचं न्हाई." असा संताप आला मला!

सरांनी शिट्टी वाजवली. सवयीनं सगळे गप्प झाले.

"तुमाला मी भूमिती शिकवली, ती गेली वाऱ्यावर," सर म्हणाले. "पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष, हे औषध. साध्य, हे पुरळ. सिद्धता डॉक्टरांच्या दवाखान्यात. दोघांनीच यायचं. बाकीच्यांनी घरला जायचं."

असे सर, संभा आणि शिवाप्पा हेरवाडे डॉक्टरांकडे गेले. शाळा सुटल्यावर मी आणि वहिनीही पोचलो. डॉक्टरांनी चेहरा बघताच बाटली हातातून काढून घेतली. ते म्हणाले, हे औषधाचंच आहे. औषध आजारावर लागू पडलंय, पण सरांच्या कातडीला मानवलेलं नाही. असं काही जणांचं होतं.

"डॉक्टर, राग मानू नका," संभा म्हणाला, "पर तुमी सरांचंच डॉक्टर. तुमी सरांचीच बाजू घेणार."

डॉक्टरांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते हसले. त्यांनी सरांची बाही वर केली, दंडावर एका ठिकाणी औषधात भिजवलेला बोळा ठेवला, दुसऱ्या ठिकाणी साध्या पाण्याचा, आणि दोन्हींवर चिकटपट्टी लावली. दोन दिवस काढायची नाही. सर म्हणाले, "ह्येच्यावर दोघांच्या सह्या घ्या." संभानं आणि शिवाप्पानं पट्टीवर आडव्या सह्या ठोकल्या. तरी शिवाप्पाच्या मनातून जाईना. म्हणाला, एक बोळा मलाबी लावा. मग संभा कशाला मागं राहतोय? त्यालाही एक लागला.

आणि मध्यंतरी कुणी सरांच्या दंडावर बुक्की मारून पुरावा बिघडवू नये म्हणून दोन्ही पेठांनी उचगावात पहारा बसवला. दोन दिवस संभा आणि शिवाप्पा सरांच्या घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजीवर. वहिनींनी दोघांना एका पंगतीला बसवून पिठलंभाकरी वाढली. पहिल्या जेवणाला दोघे एकमेकांकडे पाठ करून जेवले. दुसऱ्याला शिवाप्पानं संभाला ठेचा पुढं सारला. मी सरांना बघायला गेले होते, निघताना वहिनी मला म्हणाल्या, "बाई, ह्यांच्या पेठांची भांडणं उपाशीपोटाची हायत."

पट्टी काढायच्या दिवशी दवाखान्याबाहेर ही गर्दी. डॉक्टरांनी सह्या दाखवून पट्टी सोलली. पाण्याच्या बोळ्याखाली कातडी स्वच्छ. औषधाच्या बोळ्याखाली लालभडक चकंदळ, बारीक पुरळ उठलेलं, गालावर होतं अगदी तसं. संभा खाली वाकून बघत राहिला. मग दोघांचे दंड उघडले. कुठं काही नाही. गोरेगोमटे!

"मग आमाला का न्हाई उठलं?" शिवाप्पानं विचारलं.

"ज्याला मानवत नाही त्यालाच उठतं," डॉक्टर म्हणाले. "औषध एकच. कातडी ज्याची त्याची."

संभा जिना उतरून पायरीवर उभा राहिला आणि चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "कुणी मारलं न्हाई रं! सर खरं बोलत्यात! औषधच पार्शल हाय!" अशी हसली गर्दी की रिक्षावाले थांबले. ज्या हातांच्या बाह्या वर सरकल्या होत्या त्याच हातांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. पुढं कित्येक दिवस कोल्हापुरात कुणाला औषध लागू पडेना झालं की लोक म्हणायचे, पार्शालिटी करतंय.

बाहेर हे हसणं चाललं होतं आणि आत डॉक्टर वहिनींना सांगत होते की हे थेंब आता घालता येणार नाहीत. चालू ठेवले तर पापणी जाईल. फांदी बरीच सुकलीय, पण टोक जिवंत आहे. ते खरवडून काढावं लागेल. डाग राहणार. तो बुबुळाच्या मधोमध राहतो की कडेला, ते नशिबावर.

वहिनी इतका वेळ पदर दातात धरून उभ्या होत्या. तो सोडून त्या सरांना म्हणाल्या, "लई झाली शिट्टी. डोळा गेला तर भूमिती कुणाच्या डोळ्यानं शिकवणार तुमी? पेठा येणार हायत व्हय हात धराया?"

खरवडलं. दोन-तीन आठवड्यांत गालाचं पुरळ खपली धरून गेलं, पापणीची सूज उतरली. तोवर दोन्ही पेठांनी फायनल पुढं ढकलून घेतली होती. पण बुबुळावर भुरकट फूल राहिलं, अगदी मधोमध नाही, पण बाजूलाही नाही. त्या डोळ्यानं तेलकट कागदातून बघितल्यासारखं दिसतं, असं सर म्हणाले. डाव्याची साथ असली की चालून जायचं. उजवीकडचं मात्र धूसर, आणि त्यात ऊन समोर आलं की संपलंच.

सरांनी संभाला आणि शिवाप्पाला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं आणि खरं ते सांगितलं. फूल पडलंय, दुसरा रेफ्री बघा. मग संभा म्हणाला, "सर, आमी इतकी वर्सं तुमाला आंधळाच म्हणतोय. आता काय फरक पडला?"

स्टाफरूममध्ये हशा पिकला. सरही हसले. "मग माझी अट ऐका. जितं दिसणार न्हाई तितं मी सांगणार, दिसलं न्हाई. त्यावर वाद न्हाई. कबूल?"

"कबूल," दोघे म्हणाले. कबूल म्हणायला काय जातं?

फायनलला वहिनी मला ओढून घेऊन गेल्या. "ते तितं एकटं उभं राहणार. मला एकटीला बघवायचं न्हाई," म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा मी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले. बायका बोटावर मोजण्याइतक्या, बाकी समुद्र. सर काळ्या पोशाखात मैदानात आले, गळ्यात चांदी चमकली, आणि आल्या आल्या कुणीतरी हाळी दिली, "आंधळा आला रं!" सरांनी हात वर करून नमस्कार केला. वहिनी पुटपुटल्या, "मेल्याची जीभ झडो," आणि मी त्यांचा हात धरला.

मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सर सबंध वेळ पळत होते, एरवीपेक्षा जास्त पळत होते, कारण प्रत्येक वेळी चेंडू डाव्या डोळ्याकडे राहील अशा बाजूला त्यांना पोचायचं होतं. हे वहिनींनी ओळखलं. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "बगा, कसं वळसं घेत्यात ते." दोन्हीकडे गोल नाही. ऊन कलायला आलं. आणि अगदी शेवटी संभानं लांबून असा काही चेंडू हाणला की तो वरच्या दांडीवर आदळून खाली आपटला आणि बाहेर आला. रेषेच्या आत पडला की बाहेर? वरची पेठ उठून नाचायला लागली. खालची पेठ उठून नाही नाही म्हणायला लागली. लाइन्समननं मान हलवली, त्याच्या समोर खेळाडू आडवे आले होते. आणि सर उन्हाकडे तोंड करून उभे होते, गोल त्यांच्या उजवीकडे.

त्यांनी शिट्टी वाजवली. संभाला आणि शिवाप्पाला जवळ बोलावलं. मग वर्गात बोलायचे तशा खड्या आवाजात बोलले, पायऱ्यांपर्यंत ऐकू आलं. "चेंडू माझ्या फुलाच्या बाजूला पडला. मला दिसला न्हाई. न्हाई दिसलं ते न्हाई दिलं."

सगळं स्टेडियम गप्प. वहिनींची नखं माझ्या मनगटात रुतली. आता काय होतं, आता खुर्ची येते की दगड येतो. संभाच्या पेठेचा कप त्या दांडीखाली पडलेला. संभानं कमरेवर हात ठेवले, वर आभाळाकडे बघितलं, खाली जमिनीकडे बघितलं, आणि मग आपल्या लोकांकडे वळून असा ओरडला की त्याचा आवाज फाटला. "सरांना दिसला न्हाई! म्हंजे झाला न्हाई! बसा खाली!"

आणि ती बसली. एवढी मोठी पेठ, पण बसली. मॅच बरोबरीत सुटली, कप दोघांत राहिला.

सोमवारी सरांनी डबा उघडला, पण खुशीत नव्हते. मी म्हटलं, "काल लोक किती शहाण्यासारखे वागले हो! मला वाटलं, आता जीव घेतायत तुमचा."

"त्येच तर," सर म्हणाले. "शेवटाला एकानं बी आंधळा म्हटलं न्हाई, बाई."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? आंधळ्याला आंधळा म्हणायची आपल्याकडं पद्धत न्हाई."

सरांनी शांतपणे गळ्यातली साखळी काढली, शिट्टी सोडवून खिशात टाकली, आणि साखळी संध्याकाळी वहिनींना नेऊन दिली. वहिनींनी हुपरीला पाठवून तिचे पैंजण करून घेतले. शिट्टी पुन्हा वाजली नाही. पेठांनी मनधरणी केली, पण सर म्हणाले, एकदा माफ केलंसा, दुसऱ्यांदा मागणार न्हाई. भूमिती मात्र रिटायर होईपर्यंत शिकवली, एका डोळ्यानं, वर्गाकडे पाठ न करता.

ऐंशीनंतरची गोष्ट. माझा भाचा मिरजेहून फुटबॉल बघायला आला होता, म्हणून पुन्हा एकदा त्या पायऱ्यांवर गेले. खालच्या रांगेत पांढरा सदरा दिसला. सर. केस सगळे पिकलेले, मांडीशी तोच जुना थर्मास, त्यात आता खरंच चहा होता आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ते झाकणातून घोट घोट देत होते. शेजारी पोट सुटलेला संभा. मैदानात एक तरुण रेफ्री होता, आमच्याच शाळेतला, सरांच्या हाताखाली भूमिती शिकलेला. त्यानं कसला तरी फाऊल दिला आणि पायऱ्या खवळल्या. "आंधळा! आंधळाऽ!" मग सरांच्या आसपासच्या पोरांना आपण कुणाजवळ उभे आहोत ते कळलं असावं. सरांचा फूल पडलेला डोळा बघून त्यांची तोंडं एकदम मिटली. तेवढ्याच भागात शांतता पडली.

सर उभे राहिले. "गप का झालासा? ओरडा की! गप बसलासा तर त्या पोराला वाटंल, खरंच आपल्याला दिसत न्हाई!" आणि दोन्ही तळवे तोंडापाशी नेऊन, मान मागं टाकून, सगळ्या छातीनिशी त्यांनी हाळी दिली, "ए आंधळ्याऽऽ!"

खाली तो तरुण रेफ्री उलट्या पावलांनी पळत होता. त्यानं आवाज ओळखला, वर बघितलं, आणि पळता पळताच खुशीत हसला.